बाईंना विचारा : परदेश, परसदाराने

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले की रोज सकाळी चहाबरोबर मी तोर्शाव्हनच्या बंदरात एक चक्कर मारून येते. त्याची शिक्षा म्हणून या महिन्यात पत्रांचा ढीग आला. निम्म्या पत्रांत प्रश्न एकच : बाई, हे आहे कुठे, आणि तुम्ही वाईत बसून तिथे जाता कशा? उरलेली पत्रं ज्यांची मुलं परदेशी निघालीत त्यांची, ज्यांनी सहलीचे पैसे भरलेत त्यांची, आणि ज्यांचे पैसे बुडालेत त्यांची. मी शाळेत ३१ वर्षं भूगोल शिकवला, पण खरा परदेश पाहिला एकदाच, तोही बारा दिवस. तेव्हा फिरलेल्या बाईचा अधिकार माझ्याकडे नाही. शोधत बसण्याची खोड मात्र भरपूर आहे. तेवढ्या भांडवलावर ही उत्तरं.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली. गुडघ्यांमुळे जिना उतरणंही जिवावर येतं. नातवाने टॅब दिलाय. यूट्यूबवर पॅरिस, दुबई, स्वित्झर्लंड सगळं पाहून झालं. सगळे तोच टॉवर दाखवतात आणि 'गाइज, गाइज' करतात. याहून वेगळं काही बघता येतं का? (एक वाचक, कराड)

येतं की. आणि एसटीतला माणूस असल्याने तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येईल.

तुम्ही जे पाहिलंत ते पाहुण्यांसाठी मांडलेलं आहे. पाहुणे येणार म्हटल्यावर आपणही सोफ्यावर नवी चादर घालतो. घर कळायचं तर परसदाराने जावं लागतं, तिथे भांडी घासायला पडलेली असतात आणि दोरीवर कपडे वाळत असतात. इंटरनेटवरचं परसदार म्हणजे त्या गावच्या लोकांनी एकमेकांसाठी लिहिलेल्या गोष्टी : बसचं वेळापत्रक, पालिकेची सूचना, दुकानाची जाहिरात, रस्त्यावरचा कॅमेरा. ते पर्यटकाने बघावं म्हणून कुणी ठेवलेलं नसतं, म्हणून तर ते खरं असतं.

एक गाव निवडा आणि महिनाभर तिथेच मुक्काम ठोका. दहा देश नकोत. मी निवडलं ते तोर्शाव्हन, फेरो बेटांची राजधानी. स्कॉटलंड आणि आइसलँड यांच्यामध्ये समुद्रात १८ बेटं आहेत. राज्य डेन्मार्कचं, पण कारभार बराचसा स्वतःचा आणि भाषाही स्वतःची. सगळ्या बेटांची मिळून लोकसंख्या साधारण तुमच्या कराड शहराएवढी. मेंढ्या त्याहून जास्त.

या मेंढ्यांमुळेच माझी तिथली ओळख झाली. २०१६ पर्यंत रस्त्यांचे फोटो घेणारी गूगलची 'स्ट्रीट व्ह्यू'ची कॅमेरावाली गाडी तिकडे फिरकलीच नव्हती. नकाशावर रस्ता दिसायचा, पण रस्त्यावर उभं राहता यायचं नाही. तेव्हा तिथल्या पर्यटन विभागातल्या एका बाईंनी मेंढीच्या पाठीवर सौरऊर्जेवर चालणारा कॅमेरा बांधला आणि मेंढी चरत जाईल तिकडचे फोटो नकाशावर चढवायला सुरुवात केली. नाव ठेवलं 'शीप व्ह्यू'. गूगलला लाज वाटली म्हणा की हसू आलं म्हणा, त्याच वर्षी त्यांनी कॅमेरे पाठवून दिले.

आमच्याकडे दिवाळीनंतर मेंढरं घेऊन उतरणारे एक धनगरमामा आहेत. त्यांना मी हे मोबाइलवर दाखवलं. त्यांनी कॅमेऱ्याचं कौतुक एका शब्दाने केलं नाही. म्हणाले, "बाई, राखणदार कुठाय? लांडगा न्हाई का तिथं?" अहो, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. शोधलं, तर खरंच तिथे लांडगा नाही, कोल्हा नाही, मेंढीला धरेल असं कुठलंच जनावर नाही. मग पुढचा प्रश्न आला, मोकाट मेंढरांवरून भांडणं होत असतील त्याचं काय. त्याचं उत्तर सापडलं १२९८ सालच्या एका कागदात. त्याला 'मेंढीपत्र' म्हणतात. कुणाची मेंढी कुणाच्या रानात गेली, कुत्र्याने दुसऱ्याची मेंढी मारली तर काय करायचं, याचे नियम त्यात आहेत. फेरो बेटांवरचा सर्वांत जुना दस्त तोच. मामांना सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे भांडान जुनंच हाय." अशी एका प्रश्नाची शेपटी धरून पुढे जायचं. रील बघताना हे होत नाही, कारण प्रश्न पडायच्या आत पुढचं रील येतं.

आता तुमच्या खात्याकडे वळते. तिथली बस आणि बोटी चालवणारी संस्था सरकारी आहे आणि वेळापत्रक साइटवर असतं. ते उघडून बसा. कुठल्या गावाला दिवसातून दोनच फेऱ्या, कुठली गाडी शाळेच्या दिवशीच, कुठल्या गावाला आधी फोन करून कळवलं तरच गाडी आत वळते, हे वाचताना तुम्हाला पाटणच्या खोऱ्यातल्या मुक्कामी गाड्या आठवल्याशिवाय राहणार नाहीत. जिथे बस जात नाही आणि खवळलेल्या समुद्रात बोटही लागत नाही, अशा बेटांसाठी हेलिकॉप्टरची सार्वजनिक सेवा आहे, तिचंही एसटीसारखं वेळापत्रक. ही सोय बेटावरच्या माणसांची म्हणून पाहुण्यांनी एकाच बाजूचा प्रवास त्याने करावा, असं ती कंपनी सांगते. मला ते फार आवडलं.

आणि एक बोगदा बघाच. डिसेंबर २०२० मध्ये दोन बेटांमध्ये समुद्राखालून ११ किलोमीटरचा रस्ता सुरू झाला. सर्वांत खोल जागा समुद्रपातळीच्या १८७ मीटर खाली, आणि मध्येच तीन फाटे फुटतात तिथे चक्क वाहतुकीचं सर्कल आहे, समुद्राखाली! मधला खडकाचा खांब रंगीत दिव्यांनी उजळलेला. आधी तासाभराचा वळसा होता, आता पाव तास लागतो. बोगदा सुरू व्हायच्या आधीचं आणि नंतरचं बसचं वेळापत्रक ताडून बघितलं तर कुठल्या गावाचं भाग्य उजळलं ते कळतं. जुनं वेळापत्रक कुठून आणायचं? इंटरनेट अर्काइव्ह म्हणून एक संस्था १९९६ पासून जगभरच्या साइट्सच्या प्रती साठवतेय. त्यांच्या 'वेबॅक मशीन'मध्ये पत्ता टाकायचा आणि हवं ते वर्ष निवडायचं. प्रत्येक पान मिळत नाही, पण जे मिळतं त्यात दुपार जाते.

रस्ते खात्याचे कॅमेरे घाटाघाटात लावलेत. ते ड्रायव्हरांसाठी आहेत, बर्फ आहे का बघायला. मी डिसेंबरात बघायला लागले तेव्हा आपले दुपारचे दोन वाजले तरी पडद्यावर काळोखच. वाटलं कॅमेरा बिघडला. मग लक्षात आलं, आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे तिथे सकाळचे साडेआठ, आणि त्या दिवसांत तिथला दिवस असतोच पाच तासांचा. ६२ अंश उत्तर अक्षांश म्हणजे काय हे मी ३१ वर्षं फळ्यावर गोल काढून शिकवलं. त्या काळ्या पडद्यासमोर ते मला पहिल्यांदा अंगावर आलं.

दोन गोष्टी नातवाकडून शिकून घ्या. विकिपीडियावर गावाचं पान उघडलं की सुरुवातीला त्याचं तिथल्या भाषेतलं नाव दिलेलं असतं. ते तसंच उचलून शोधपट्टीत चिकटवायचं. इंग्रजी नावाने शोधलं तर हॉटेलवाले भेटतात, तिथल्या नावाने शोधलं तर गावकरी. आणि ब्राउझरला पान भाषांतरित करायला सांगायचं. भाषांतर ओबडधोबड असतं, पण 'शनिवारी पाणी येणार नाही' एवढं नक्की कळतं. डोळे दुखले की रेडिओ गार्डन लावा. पृथ्वीचा गोल फिरवायचा, ठिपक्यावर थांबायचं, त्या गावचा रेडिओ वाजतो. भाषा कळत नाही, पण बातम्यांनंतर हवामान आलं की आवाजातली घाई आपोआप ओळखू येते.

मुलीला जर्मनीत आखेनला शिकायला प्रवेश मिळाला. ती राहणार तो रस्ता मोबाइलवर बघत होते, तर मधलीच घरं धुरकट केलेली! पूर्ण घर पुसून टाकलेलं. काही लपवायचं असतं का अशा घरांत? जीव घाबरा झालाय. (एक आई, नगर)

ताई, निवांत व्हा. त्या घरातल्या माणसाने गूगलला अर्ज केला असेल, बस्स.

२०१० मध्ये जर्मनीतल्या २० शहरांचे रस्ते गूगलने दाखवायला घेतले, तेव्हा तिथे मोठा गदारोळ झाला. आमच्या घराचा फोटो जगाला का दाखवता? शेवटी आक्षेप घेणाऱ्याचं घर धूसर करायचं ठरलं, आणि सुमारे २ लाख ४४ हजार कुटुंबांनी तसे अर्ज केले. नंतर गूगलने तिथे नवे फोटो घेणंच थांबवलं. २०२३ मध्ये सगळं नव्याने सुरू झालं, आता बरंच उघडं दिसतं, पण अर्ज करायची सोय अजून आहे. ज्या देशात हिटलरच्या आणि नंतर पूर्वेकडे गुप्त पोलिसांच्या राज्यात शेजाऱ्यांवर नजर ठेवली गेली, तिथल्या माणसाला कॅमेऱ्याचं वावडं असावं यात मला तरी नवल वाटत नाही. आपल्याकडेही सुरक्षेच्या कारणाने हे बरीच वर्षं अडलं होतं. जुलै २०२२ मध्ये पहिल्या दहा शहरांत परवानगी मिळाली आणि त्यात तुमचं नगर होतं, नाशिक होतं. मुंबई-पुण्याच्या पंगतीत!

आता धुरकट घर सोडा आणि मुलीबरोबर बसून घरभाड्याच्या जाहिराती वाचा. त्यात दोन भाडी दिसतील, 'काल्टमीटे' आणि 'वार्ममीटे', म्हणजे थंड भाडं आणि गरम भाडं. हसू नका, तसंच म्हणतात. थंड म्हणजे नुसत्या चार भिंतींचं, गरम म्हणजे खोली तापवण्याचा आणि इतर खर्च धरून. विजेचं बिल पुष्कळदा त्याहून वेगळं. मुली फोनवर थंड भाडं सांगतात आणि आईबाप हिशेब तेवढाच करतात. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याएवढी घेता येते, असा तिथला कायदा आहे. 'मी सध्या परदेशी आहे, अनामत पाठवा, किल्ली पोस्टाने येईल' असं कुणी गोड भाषेत लिहिलं तर ती चोरी समजा. खोली कुणीतरी डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे नाहीत म्हणजे नाहीत. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांची जी अधिकृत संस्था आहे तिथे प्रतीक्षायादी लांब असते, म्हणून नाव आजच घाला.

व्हिसासाठी बँकेत अडकवून ठेवायची रक्कम सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो झाली, म्हणजे महिन्याला ९९२ काढता येतात. एवढ्यात भागतं का, हे कुणा ओळखीच्याच्या ओळखीच्याला विचारू नका. आखेनच्या किराणा दुकानांची आठवड्याची जाहिरातपत्रकं साइटवर असतात, त्यांच्याकडे कणीक, तांदूळ, दूध, कांदा काय भावाने आहे ते चार आठवडे वहीत लिहा. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईने हे केलं. तिला पहिल्यांदा कळलं ते हे की रविवारी दुकानं बंद असतात, औषधाचंसुद्धा एखादंच पाळीचं उघडं असतं. पोरगी पोहोचली ती शनिवारी रात्री, पण बॅगेत दोन दिवसांचे ठेपले आणि मेतकूट होतं. हे शहाणपण तिला कुठल्या व्हिडिओने नाही, दुकानाच्या वेळेच्या पाटीने दिलं.

आणि घरापासून कॉलेजपर्यंतच्या रस्त्यावरून तुम्ही स्ट्रीट व्ह्यूवर चालत जा. मुलगी म्हणेल, आई, किती वेड्यासारखं करतेस. करा. ती फोनवर 'बेकरीच्या कोपऱ्यावर आहे' म्हणाली की तुम्हाला तो कोपरा दिसेल.

मोबाइलच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं का दिसतं? सर म्हणाले, नकाशा चुकीचा नसतो. (इयत्ता नववी, बार्शी)

बाळा, नकाशा चुकीचा नसतो, पण तो खोटं न बोलता फसवू शकतो. गोल संत्र्याची साल ताटात सपाट करून बघ, फाटते की नाही? न फाटता सपाट करायची तर ती कुठेतरी ताणावी लागते. मर्केटर नावाच्या नकाशाकाराने १५६९ मध्ये खलाशांसाठी नकाशा केला. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणारी वाट त्यात सरळ रेघेने काढता येते, आणि त्याची किंमत म्हणून ध्रुवांकडचे देश फुगले. ६० अंशावर लांबी दुप्पट दिसते, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. ग्रीनलंड खरं तर २१ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर, आपल्या देशाच्या दोन-तृतीयांश. आफ्रिका त्याच्या चौदापट. 'द ट्रू साइज' नावाची साइट उघड, ग्रीनलंडला बोटाने ओढत विषुववृत्तावर आण आणि ते आक्रसताना बघ. मग सरांना दाखव, पण वर्गासमोर नको, स्टाफरूममध्ये.

आम्ही उभयतां आणि व्याही-विहीण असे चौघे स्वतःच ठरवून इटली-स्वित्झर्लंडला जातोय. कंपनीबरोबर जायचं नाही असं ठरलंय. इंटरनेटवरून बुकिंग करताना काय बघावं? (एक वाचक, इचलकरंजी)

माझी फजिती आधी ऐका. आमच्या त्या एकमेव परदेशवारीत मीच मोठ्या तोऱ्यात म्हटलं, हॉटेल मी शोधते. व्हेनिसमध्ये स्वस्तात हॉटेल मिळालं, पत्त्यात 'व्हेनिस' लिहिलेलं, फोटोत कालवा आणि होडी. आम्ही उतरलो तर समोर चौपदरी रस्ता, गॅरेज आणि पेट्रोल पंप. यांनी बॅगा खाली ठेवून विचारलं, "होडी कुठून लागते?" बारा दिवसांत ते वाक्य मी किती वेळा ऐकलं ते सांगत नाही.

ते होतं मेस्त्रे. पाण्यातलं व्हेनिस पुलापलीकडे, मेस्त्रे इकडे जमिनीवर. गंमत म्हणजे हॉटेलवाल्याला खोटारडा म्हणता येत नाही, कारण मेस्त्रे व्हेनिसच्याच पालिकेत येतं. गेटवेजवळ राहायचं म्हणून दहिसरला खोली घेण्यासारखं, मुंबईच ना तीही! तोटा असा मोठा नाही, आगगाडीने दहा-बारा मिनिटांत पलीकडे जाता येतं. पण स्टेशनांची नावं नीट बघा : 'व्हेनेत्सिया मेस्त्रे' अलीकडचं, 'व्हेनेत्सिया सांता लुचिया' पाण्यातलं. एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, नुसतं दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून व्हेनिस प्रवेशशुल्क घेतं. मेस्त्रेत मुक्काम असेल तर ते माफ आहे, पण तशी नोंदणी करून ठेवावी लागते.

नावांचा घोळ विमानतळांतही आहे. 'फ्रँकफर्ट हान' हा विमानतळ फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे. स्वस्त तिकीट दिसलं की आधी नकाशावर अंतर मोजा. आणि तिथल्या पाट्यांवर फ्लॉरेन्स 'फिरेंत्से' असतं, म्युनिक 'म्युन्शेन'. चौघांच्या वह्यांत दोन्ही नावं लिहा. माणूस स्टेशनवर उभा असतो आणि स्टेशन शोधत असतो.

हॉटेलांच्या अभिप्रायांत 'नवे आधी' असं निवडायचं आणि पाचपैकी तीन तारे देणाऱ्यांचं वाचायचं. पाच तारेवाला खुशीत असतो, एक तारेवाला रागात. तीनवाला सांगतो की खोली चांगली आहे पण लिफ्ट नाही. व्याह्यांचे गुडघे कसे आहेत?

युंगफ्राऊयोखला जाणारच असाल. ३,४५४ मीटर उंचीवरचं रेल्वे स्टेशन, डोंगराच्या पोटातून जाणारी ती गाडी १९१२ पासून चालू आहे. तिकीट महाग, खिशाला चांगलीच चाट. आणि वर धुकं असलं तर काचेतून दिसतं ते पांढरं धोतर. वरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र त्यांच्या साइटवर असतं. इंटरलाकेनमध्ये दोन-तीन दिवस मुक्काम ठेवा, दिवस आधी बांधून घेऊ नका, रोज पहाटे उठून कॅमेरा बघा आणि ढग नसतील त्या दिवशी निघा. तिकडच्या टीव्हीवरसुद्धा सकाळी वाजंत्री लावून या शिखरांवरचे कॅमेरे एकामागून एक दाखवतात. स्थानिक माणूस तेच बघून टोपी घालायची की नाही ठरवतो. कंपनीबरोबर न जाण्याचा खरा फायदा मला विचाराल तर हा एवढाच. बाकी कंपनीवाले जेवायला वरण-भात देतात, त्याची आठवण तुम्हाला पाचव्या दिवशी येईल.

आमच्या पणजोबांचे थोरले भाऊ मॉरिशसला गेले आणि परत आलेच नाहीत, असं आजी सांगायची. नाव आणि गाव एवढंच माहीत आहे. आता शोध लागेल का? (एक वाचक, राजापूर)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. कोकणातल्या कितीतरी घरांत अशी एक मोकळी जागा असते.

१८३४ पासून पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हिंदुस्थानातून साडेचार लाखांच्या आसपास माणसं करारावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेली. बहुतेक बिहारकडची आणि दक्षिणेकडची, पण मुंबई बंदरातूनही जहाजं गेली आणि त्यांत रत्नागिरी, सावंतवाडीकडची माणसं होती. पोर्ट लुईच्या धक्क्यावर ती उतरली, तो धक्का 'आप्रवासी घाट' म्हणून २००६ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. तिथल्या दगडी सोळा पायऱ्यांचे फोटो बघून घ्या. तुमचे पणजोबांचे भाऊ त्या चढले असण्याचा संभव मोठा आहे.

आता कामाचं. इंग्रजांनी माणसं गुरांसारखी नेली, पण नोंद मात्र सावकारासारखी ठेवली. प्रत्येकाला एक क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव, जहाजाचं नाव, उतरल्याची तारीख. १८६० च्या दशकापासून पुढे फोटोसुद्धा. ही सगळी दप्तरं मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत आहेत आणि तिथे वंशजांच्या विनंतीवरून शोध घेतला जातो. म्हणजे दप्तर इंटरनेटवर उघडं सापडेल अशा आशेने रात्र जागवू नका. इंटरनेटचं काम इथे पत्र कुणाला लिहायचं ते शोधून देण्याचं.

पत्र लिहिण्याआधी एक करा. नाव जितक्या वेड्यावाकड्या तऱ्हांनी लिहिता येईल तितक्यांनी लिहून काढा. साहेबाच्या कारकुनाने जसं कानावर पडलं तसं इंग्रजीत लिहिलंय, रत्नागिरीचं जुन्या कागदांत 'रटनाघेरी' झालंय. आडनाव बहुधा लिहिलेलंच नसेल, नुसतं नाव आणि बापाचं नाव. तेव्हा तुमच्या खापरपणजोबांचं नाव आधी शोधा, ते घरातल्या सातबाऱ्यावर, देवस्थानच्या वहीत किंवा भावकीतल्या एखाद्या म्हाताऱ्याकडे असेल. मॉरिशसच्या शोधाची सुरुवात राजापूरच्या तलाठ्यापासून होते, असं म्हटलं तरी चालेल. बापाचं नाव, गाव आणि वय तिन्ही जुळल्याशिवाय 'सापडले' म्हणू नका. एकाच नावाची माणसं त्या जहाजांत पाच-पाच होती. आणि सापडले तर तिथल्या वंशजांची नावं, फोटो त्यांना विचारल्याशिवाय व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. आपल्याला भाऊबंद भेटल्याचा आनंद, त्यांना कदाचित घरातली जखम.

पत्राचं उत्तर येईतो एक बघा. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. तिथले मराठी लोक गणपतीत एक गाण्यासह नाच करतात, त्याला 'झाकरी' म्हणतात. त्याचे व्हिडिओ शोधा. मी पाहिला त्यात घोळका गोल फिरतोय, ढोलकी वाजतेय, शब्द आपले पण उच्चारांना तिथल्या क्रिओल बोलीचा वळसा. राजापूरच्या माणसाला मी कोकणातला जाखडी नाच कशाला समजावू? तुम्ही पाच सेकंदांत ओळखाल. मी वाईची, मला शोधून कळलं.

व्हिएतनामच्या ई-व्हिसासाठी पहिल्या दिसलेल्या साइटवर अर्ज केला, माणशी ९० डॉलर गेले. मित्राने तोच व्हिसा २५ डॉलरमध्ये काढला. मी कुठे चुकलो? (एक वाचक, ठाणे)

'पहिल्या दिसलेल्या' इथेच. शोधात सर्वांत वर येतं ते पुष्कळदा जाहिरात असते, बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं असतं. त्यांनी तुमचा अर्ज भरून दिला आणि हमाली लावली, नशीब की व्हिसा तरी आला. एकदा प्रवेशाचा सरकारी दर २५ डॉलरच आहे.

साइटचा पत्ता उजवीकडून वाचायची सवय लावा, उर्दू वाचतात तसा. सुरुवातीच्या दोन जोडलेल्या तिरक्या रेघा सोडून डावीकडून पुढची पहिली तिरकी रेघ येते तिथे थांबायचं, आणि तिथून उलट येत तिच्या लगेच अलीकडे काय आहे ते बघायचं. तिथे 'डॉट गव्ह डॉट व्हीएन' असेल तर व्हिएतनामचं सरकार. मध्येच कुठेतरी 'गव्ह' आणि 'व्हिसा' पेरलेलं असेल आणि शेवटी 'डॉट कॉम' किंवा 'डॉट ओआरजी' असेल तर दुकान. देशोदेशी हे वेगळं : जपान, थायलंड, केनिया 'गव्ह'ऐवजी 'गो' लिहितात, मेक्सिको 'गोब', फ्रान्स 'गूव्ह'. जर्मनीच्या बहुतेक सरकारी साइट्सना असं काही नसतं, तिथे त्यांच्या वकिलातीच्या पानावरून आत जावं. जाता जाता : 'डॉट टीव्ही' हे टीव्हीचं नव्हे, पॅसिफिकमधल्या तुवालू या चिमुकल्या देशाचं. ती दोन अक्षरं भाड्याने देऊन त्या देशाला चांगली कमाई होते. त्यांची विमानाची धावपट्टी नकाशात बघा, बेटाचा अर्धा जीव तिनेच व्यापलाय. विमान नसतं तेव्हा संध्याकाळी पोरं तिच्यावर खेळतात.

बाई, एवढं सगळं माहीत आहे तर तुम्ही त्या फेरो बेटांवर जात का नाही? (तीन पत्रांत हाच प्रश्न, म्हणून गावं देत नाही)

बघून ठेवलंय. डेन्मार्कचा साधा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही, 'फेरो बेटांसाठीही वैध' असं त्यावर मुद्दाम लिहून घ्यावं लागतं. शुल्क ९० युरो. यांना थंडी सोसत नाही, आणि होडी कुठून लागते हा प्रश्न तिथे तर दिवसातून दहा वेळा येईल. त्यामुळे तारीख अजून नाही. पण विमानतळावरून तोर्शाव्हनला ३०० नंबरची बस जाते, आणि तिच्यात कुठल्या बाजूची खिडकी पकडायची ते माझं ठरलेलं आहे.